चाचा आणि फाळक्याचं कुलूप

गाडीत काळी टेप गुंडाळलेला जोड दिसला की चाचांचं डोकं फिरायचं. साधंसुधं नाही, चांगलंच. सत्तरीतला माणूस ताडकन उभा राहायचा, ती टेप ओढून काढायचा आणि गाडीच्या मालकाच्या नाकासमोर नाचवत विचारायचा, "हाई काय शे? जखम शे का हाई? पट्टी कोनी बांधी?" मालक कापसाचा मोठा व्यापारी असो नाहीतर एखादा साहेब असो, चाचांच्या टपरीसमोर त्याला खाली मान घालून उभं राहावंच लागे.

धुळ्यात पारोळा रस्त्यावर त्यांची पत्र्याची टपरी होती. गाड्यांची वायरिंग करायचे. घराणं पिंजाऱ्यांचं. वडील धनुकली खांद्यावर टाकून गावोगाव गाद्या पिंजत फिरले, आणि चाचा मात्र तरुणपणीच बॅटरीच्या नादाला लागले. मी पंधरा वर्षं त्यांच्याकडे गाडी नेत होतो, पण त्यांनी मला नावाने हाक कधी मारली नाही. ड्रायव्हरला ते त्याच्या गावाने ओळखत. "ए सोनगीर, बोनेट उघड." "ए पाचोरा, तू थांब, तुझी गाडी काही मरत नाही." एकदा एकाच गावचे दोघे जण आले, तर दुसऱ्याला त्यांनी सरळ शेजारच्या गावाचं नाव देऊन टाकलं. त्याने तक्रार केली तेव्हा म्हणाले, "मग तू उद्या ये."

त्यांची आणखी एक सवय होती. काम पसंतीला उतरलं की बॅटरीच्या झाकणावर ते हिरव्या रंगाचा ठिपका द्यायचे. मी एकदा विचारलं, हे कशाला? तर म्हणाले, "रस्त्यात बंद पडली तर शिव्या कोणाला घालायच्या ते कळायला नको?" ठिपका असला की ती चाचांची गाडी, हे ड्रायव्हरांच्या सगळ्या स्टँडला माहीत होतं. तशी गाडी हायवेवर अडली तर दुसरा कोणी तिच्या तारांना हात लावत नसे. माझ्या पिकअपवर असे तीन ठिपके होते आणि मी ते मोठ्या ऐटीत दाखवत फिरायचो.

आता माझ्याकडे येतो, कारण या गोष्टीतला नालायक माणूस मी आहे.

आमच्या सोनगीरची तांब्यापितळेची भांडी लग्नसराईत जळगाव, पाचोऱ्याला जातात. गावातले एक घाऊक व्यापारी आहेत, त्यांना सगळे नाना म्हणतात. त्यांचा माल माझ्या पिकअपमधून जायचा. त्या वर्षी चोऱ्या सुरू झाल्या. गाडी रांगेत नाहीतर चढावर हळू झाली की कोणीतरी मागच्या फाळक्याची साखळी आणि खिट्टी काढायचा आणि एखादी घागर उचलून पसार व्हायचा. फाळका म्हणजे गाडीचं मागचं, खाली पडणारं दार. ते खिट्टीने बंद व्हायचं आणि वर दोन्ही बाजूंना साखळ्या अडकवलेल्या असायच्या. तिसऱ्यांदा माल कमी भरला तेव्हा नाना म्हणाले, "तुझ्या गाडीला भोकं पडलीत का रे?" चारचौघांत म्हणाले. माझा तिळपापड झाला.

तेव्हा मोबाइलवर मला एक व्हिडिओ सापडला. फाळक्याला विजेचं कुलूप. केबिनमधलं बटण दाबलं की उघडणार, बाहेरून कोणाच्या बापाला उघडणार नाही. मी तो घेऊन चाचांकडे गेलो. त्यांनी मोबाइल हातभर लांब धरून तो शेवटपर्यंत पाहिला.

"करून देईन," ते म्हणाले. "बॅटरीपासून नवी तार ओढावी लागेल. बॅटरीपाशीच फ्यूज. चार दिवस गाडी इथं सोड. आणि साखळ्या तशाच ठेवायच्या."

"साखळ्या ठेवायच्या तर कुलूप कशाला, चाचा?"

"विजेला काम सांग, सोनगीर. भरवसा साखळीवर ठेव."

चार दिवस! ऐन लग्नसराईत! मनात म्हटलं, म्हातारा जुन्या काळातच राहणार. मी कुलूप मागवलं आणि घराच्या अंगणात स्वतःच बसवायला घेतलं. त्या व्हिडिओतला माणूस हसत हसत सांगत होता, दहा मिनिटांचं काम आहे, कोणीही करू शकतं. त्याचं ते हसणं आठवलं की आजही मोबाइल भिंतीवर फेकावासा वाटतो. कोणीही म्हणजे कोण रे बाबा? ज्याला तारांतलं ओ की ठो कळत नाही, तोसुद्धा?

कुलूप बसलं. आता केबिनपासून मागपर्यंत तार न्यायची, म्हणजे गाडीखाली पाठीवर झोपायचं, धूळ खायची. मला कंटाळा आला. मागच्या दिव्याकडे जाणाऱ्या तारांचा जुडगा आधीच तिथपर्यंत गेलेला होता. त्यातली एक तार मला बिनकामाची वाटली. मी तीच सोलली, पुढे बटणाला जोडली, मागे कुलपाला जोडली आणि वर काळी टेप गुंडाळली. बटण दाबलं, कुलूप उघडलं. मी बायकोला बोलावून दोनदा उघडून दाखवलं. मग साखळ्या काढून शेडमध्ये टाकल्या.

ती तार ब्रेकच्या दिव्याची होती. म्हणजे मी ब्रेक दाबला की वीज दिव्यात जायची आणि कुलपातही जायची, आणि कुलूप उघडायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी माल भरायला निघालो तेव्हा ब्रेक दाबला की मागून टक्‌ असा आवाज येत होता. मला काय वाटलं असेल? मला वाटलं, वा, कुलूप घट्ट बसतंय! फाळका जुना आणि घट्ट, रिकाम्या गाडीत तो जागचा हलत नव्हता, म्हणून गल्लीतून नानांच्या दुकानापर्यंत मी तो आवाज ऐकत, खूश होत गेलो. असा मूर्ख शोधून सापडायचा नाही.

घागरी आणि हंडे भरले, फाळक्याला टेकून अगदी वरपर्यंत. हायवेला लागण्याआधी गतिरोधक आहे. मी ब्रेक दाबला, पुढची चाकं वर चढली, पाय अजून ब्रेकवरच, आणि सगळं ओझं मागे रेललं. फाळका धाडकन पडला. असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. भांडी रस्त्यावर, नाल्यात, जिकडे तिकडे. मागून मोटरसायकलवर एक गवंडी कामाला चालला होता. हंडा चुकवायला त्याने गाडी वळवली आणि तो पडला. हात मोडला त्याचा. लोकांनी त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मी घागरी गोळा करत होतो.

नाना आले. स्टँडवरचे दोन ड्रायव्हर आले. एकाने पुढे जाऊन बोनेट उघडलं, आणि तिथूनच ओरडला, "अरे, ही तर चाचांची गाडी! तीन ठिपके आहेत." नानांनी माझ्याकडे पाहिलं. "चाचांनी जोडलं होतं का हे?"

मी हो म्हणालो नाही. पण नाहीही म्हणालो नाही. मान खाली घातली आणि पायापाशी पडलेली घागर पुसत बसलो. स्वतः केलं म्हटलं असतं तर नाना पुन्हा माल देणार नाहीत, एवढंच डोक्यात होतं. त्या एका मिनिटात मी चाचांचं पन्नास वर्षांचं नाव विकून टाकलं.

आणि मग लोकांनी काय केलं ते ऐका. म्हाताऱ्याची नजर गेली म्हणे. हात थरथरतो म्हणे. ज्यांच्या गाड्या त्या म्हाताऱ्याने भर उन्हात, गाडीखाली झोपून सुरू करून दिल्या होत्या, तेच हे बोलत होते! एकाने तरी त्यांना जाऊन विचारायचं होतं. जो माणूस टेपचा जोड दिसला की खवळायचा, तो टेपचा जोड मारील का? पण नाही. ठिपका आहे ना, मग काम त्यांचंच. टपरीपुढच्या गाड्या एकेक करून कमी झाल्या.

आठवड्याने चाचा स्वतः एसटीने सोनगीरला आले. मला काही न विचारता गाडीखाली शिरले, पाव तास आत होते. बाहेर आले तेव्हा हातात ती टेप होती. मला वाटलं, आता ती नाकासमोर नाचवतील, सगळं गाव गोळा करतील. मी तर मनातून त्याचीच वाट पाहत होतो. ओरडले असते तर सुटलो असतो.

"ही माझी तार नाही," ते हळू आवाजात म्हणाले.

"नाही, चाचा."

"तुला माहीत आहे ना?"

"हो."

"मग बस झालं," असं म्हणून टेप माझ्या हातात दिली आणि एसटी स्टँडकडे चालू लागले. पाणीसुद्धा घेतलं नाही.

ते माझ्या बोलण्याची वाट पाहत होते, हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी मी सहा महिने तोंड उघडलं नाही. उद्या सांगू, सराई संपल्यावर सांगू, पोळ्यानंतर सांगू. एक दिवस पारोळा रस्त्याने जाताना पाहिलं, तर टपरीला कुलूप. पानवाला म्हणाला, "शिरपूरला गेले मुलीकडे. आता येत नाहीत."

मी तसाच स्टँडवर गेलो आणि सगळ्यांना ओरडून सांगितलं. ती तार मी जोडली होती, मी, चाचांनी हातही लावला नव्हता. वाटलं होतं, कोणीतरी माझ्या मुस्काटात मारेल. तर एक जण बिडी झटकत म्हणतो, "जाऊ दे ना भाऊ, झालं ते झालं." आणि दुसरा काय म्हणाला माहीत आहे? "आम्हाला वाटलंच होतं." वाटलंच होतं! मग सहा महिने तुमच्या तोंडात काय मिठाची गुळणी होती? असं विचारणार होतो, पण कोणत्या तोंडाने विचारणार? नानांनाही जाऊन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून माल दुसऱ्याच्या गाडीत गेला. ते बरोबरच केलं त्यांनी.

मग मी शिरपूर गाठलं. चाचा ओट्यावर बसून शेजारणीचा मिक्सर उघडत होते. मी पायांशी बसलो आणि सगळं सांगितलं. स्टँडवर बोललो, नानांना बोललो, आता सगळ्यांना कळलं, तुमचं नाव साफ झालं, चाचा. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

"त्या गवंड्याकडे गेला होतास?"

"नाही... त्याला लोकांनी लगेच दवाखान्यात नेलं होतं."

"लोकांनी!" आता ते जुने चाचा झाले, ताडकन उभे राहिले. "तार तुझी, भांडी तुझ्या गाडीतली, आणि नेलं लोकांनी! माझं नाव घेऊन बसला आहेस? माझ्या नावाला काय प्लास्टर लागतं? त्याचा कोणता हात मोडला, सांग. डावा का उजवा?"

मला खरंच माहीत नव्हतं.

"मी तीनदा जाऊन आलो," ते म्हणाले. "तू इथून ऊठ. आधी तिकडे जा."

त्यांनी सांगितलेल्या खुणेने मी गवंड्याचं घर शोधलं. परतीच्या वाटेवरच, हायवेपासून थोडं आत. दारात तो बाजेवर बसला होता. मी पिकअपमधून उतरलो, पण माझं नाव कसं सांगावं तेच सुचेना. त्याने एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं.

"या," तो म्हणाला. "चाचानी सांगेल व्हतं, तो येई म्हणीसन."

आणि उठून त्याने पाण्याचा तांब्या माझ्यापुढे केला, डाव्या हाताने.