थोरलीपेक्षा दोन कमी

आमच्या वालूरच्या गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला अख्खं गाव धाकटी म्हणायचं. तिच्या थोरल्या दिराची पहिली बायको बाळंतपणात गेली आणि दुसरी आली ती हिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान. पण थोरल्याची बायको म्हणजे थोरली जाऊ! धाकटीनं जन्मभर तिच्या आधी ताटाला हात लावला नाही. दिवाळीला वाकून पाया पडायची. थोरली लाजून पाय आखडून घ्यायची, पण ही कसली ऐकते!

दोघींचे नवरे गेले, पोरं पुण्याला कामाला लागली. गावात आधारचा कॅम्प लागला तेव्हा नोंदी करायला मी बसलो होतो. थोरलीनं वय सांगितलं साठ. तिच्या मागून धाकटी म्हणाली, "मपलं अठ्ठावन लिही."

"माय, तू रझाकाराच्या सालातली. चौसष्टची हाईस की!"

"गप ऱ्हा बाबा. थोरलीच्या म्होरं जाऊ का मी?"

आणि मी शहाण्यानं हसत हसत अठ्ठावन्न लिहिलं.

पाच वर्षांनी थोरलीला पासष्ट पुरी झाली आणि निराधारचा, म्हातारपणाचा सरकारी पगार सुरू झाला. धाकटी खरी एकोणसत्तरची, कागदावर त्रेसष्टची! त्या वयात ती लोकांच्या रानात कापूस वेचायला जायची. मी चिडायचो, "परभणीला चल, सरकारी दवाखान्यातून वयाचा दाखला काढू." तर म्हणायची, "दोन सालाचं काय एवढं? थोरली हाय ना!" थोरली होतीच. पगार हातात आला की आधी धाकटीच्या बीपीच्या गोळ्या आणायची, मग घरातली चहा-साखर.

पुढच्याच हिवाळ्यात थोरली गेली. पगार थांबला, गोळ्याही थांबल्या. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच धाकटी माझ्या दारात उभी.

"चल परभणीला. लिही खरं वय. आता कोणाचा मान मोडायचा ऱ्हायलाय?"

मी गाडीची किल्ली घेतली. तो आकडा माझ्याच हातचा होता.

दोन-तीन खेपा झाल्या, पण दाखला मिळाला आणि पगार लागला. त्यानंतर धाकटी सहा वर्षं जगली. दर वर्षी हयातीच्या दाखल्याला मीच तिला गाडीवर घेऊन जायचो. खिडकीतला साहेब कागद चाळत विचारायचा, "आजी, वय काय?"

धाकटी डोक्यावरचा पदर सारखा करायची आणि ठणठणीत आवाजात सांगायची, "थोरलीपेक्षा दोन कमी."