वडिलांचे डोळे आणि काशाची वाटी

आमच्या बिल्डिंगमध्ये बारा बिऱ्हाडं होती आणि माझ्या वडिलांच्या डोळ्यांवर तेरा उपाय होते. तेरावा दूधवाल्याचा. नव्वद सालच्या आसपासचं नवीन पनवेल म्हणजे अर्ध्या बांधलेल्या इमारती आणि पूर्ण वेळ उडणारी धूळ. डोळे सगळ्यांचेच चुरचुरायचे, पण वडिलांसारखे कुणाचे नाहीत. ते उरणकडच्या एका कंपनीची बस चालवायचे. सकाळच्या पाळीचे कामगार न्यायचे, रात्रपाळीचे परत आणायचे. घरी यायचे तेव्हा डोळे लालभडक आणि कोरडे ठणठणीत. आत वाळू घातलीय असं म्हणायचे.

तळमजल्यावरच्या काकू गुलाबपाणी घेऊन आल्या. ते देताना वडिलांच्या तोंडाला कसला वास येतोय का, तेही त्यांनी हळूच पाहून घेतलं. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर त्रिफळ्याच्या पाण्यावर ठाम होते. समोरच्या वहिनींनी काकडीच्या चकत्या सुचवल्या. वडिलांनी त्या डोळ्यांवर ठेवायच्या आधीच मीठ लावून खाल्ल्या.

आई कोणाचंच खोटं पाडत नसे, पण तिचा खरा विश्वास काशाच्या वाटीवर. आम्ही कोन गावाहून कॉलनीत राहायला आलो तेव्हा बाकी भांडी पोत्यात आली, वाटी आईच्या मांडीवर. तळपायाला तूप लावायचं आणि वाटीने घासायचं; डोळ्यांतली उष्णता पायातून उतरते. घासायचं काम माझ्याकडे होतं. पाच-दहा मिनिटांत तळवे काळे पडायचे आणि आई विजयी चेहऱ्याने म्हणायची, "बघ, कवढी उष्णता निंगाली."

मी नववीत होते आणि शाळेत नुकतीच प्रयोगाची वही सुरू झाली होती. एक दिवस मी तूप लावून वाटी माझ्या तळपायाला घासली. तोही काळा झाला. आई म्हणाली, "तुझ्या बी अंगात उष्णता हाय." मग मी जेवायचा पाट घासला. पाटही काळा झाला. आईने पाटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सकाळपासून उन्हात होता तो," ती म्हणाली आणि पाट धुवायला मलाच लावला.

पण या सगळ्या हसण्यावारी नेण्याच्या गोष्टी नव्हत्या, कारण वर्षाची डॉक्टरी तपासणी जवळ आली होती. डोळ्यांत नापास झालेल्या ड्रायव्हरला कंपनी काढत नसे, बागेत पाठवत असे. आदल्या वर्षी वडिलांचा जोडीदार तसा बागेत गेला. गेटमधून बस आत घेताना तो जास्वंदीला झारीने पाणी घालताना दिसायचा आणि वडील मान दुसरीकडे वळवायचे. बागकाम वाईट असतं असं नाही. पण वडील वीस वर्षं स्टिअरिंगवर होते आणि दुसरं काहीही झालेलं त्यांना सोसलं नसतं. मला तेव्हा त्याचीच भीती वाटायची.

तपासणीच्या सकाळी आईने सगळ्या उपायांवर कळस चढवला. तिने वडिलांच्या दोन्ही डोळ्यांत घरचं तूप घातलं, तेही सढळ हाताने. वडील मुकाट्याने गेले. कंपनीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तक्ता दाखवला, तर वडिलांना वरचं सर्वांत मोठं अक्षर तेवढं दिसलं, तेही दोनदा. आठ दिवसांनी पुन्हा या, तोवर बस चालवायची नाही, अशी चिठ्ठी घेऊन ते घरी आले.

ते आठ दिवस घरात डोळा हा शब्द कुणी काढला नाही. वडील रोज कंपनीत जाऊन गेटवर बसायचे आणि त्यांची बस दुसराच माणूस आत आणायचा. आई तुपाचा डबा उघडताना दचकायची. बारा बिऱ्हाडांपैकी एकानेही तूप घालायला सांगितलं नव्हतं, हे मात्र काकूंनी सगळ्या जिन्याला ऐकवलं.

दुसऱ्या खेपेला आईने मला सोबत धाडलं. डॉक्टर काय म्हणाले ते वडील नीट सांगणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मला शाळेला सुट्टी होती.

या वेळी डोळ्यांत काहीच नव्हतं. वडिलांनी तक्ता खालच्या ओळीपर्यंत धडाधड वाचला. डॉक्टर काही लिहीनात. ते नुसते वडिलांकडे बघत बसले. मला वाटलं, संपलं. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही पापण्या मिटता की नाही हो?"

वडिलांना प्रश्न कळला नाही.

"इतका वेळ बघतोय, तुमची पापणी लवतच नाही. डोळा ओला कसा राहणार? गाडी चालवतानाही असंच टक लावून बघता?"

वडील ओशाळले. चोरी पकडल्यासारखे खाली बघत म्हणाले, "सायेब, पाठीमागं चाळीस मानसं डोळे मिटून बसलेली असतात. एकानं तरी उघडे ठेवाया पायजेत ना."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी सही केली आणि 'फिट' लिहिलेला कागद वडिलांच्या हातात दिला. प्रत्येक थांब्यावर मनात दहापर्यंत मोजत पापण्यांची उघडझाप करा, म्हणाले; दुसरं औषध नाही. तेरा उपायांत हा कुठेच नव्हता, आणि तो घरी सांगितल्यावर बिल्डिंगचं तोंड कसं होईल या कल्पनेनेच मला गुदगुल्या व्हायला लागल्या.

परतताना आम्ही त्यांच्याच बसने निघालो. उद्यापासून ती पुन्हा त्यांची होती, त्या दिवशी चालवायला बदलीचा पोरगेला ड्रायव्हर होता. आम्ही त्याच्या मागच्या बाकावर बसलो. पाळी संपवून चढलेली माणसं पहिल्या वळणापर्यंत माना टाकून झोपी गेली. मी म्हटलं, "बाबा, आज तुम्हाला गाडी नाही चालवायची. आता तरी डोळे मिटा."

"नवीन हाय तो," ते हळूच म्हणाले, आणि पुढच्या काचेकडे तोंड करून ताठ बसले.

मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि पनवेल येईपर्यंत गाढ झोपले.