एक पाय उंबऱ्याबाहेर

खलाशी कुणाच्याही घरी बसला, तरी त्याचा एक पाय उंबऱ्याबाहेर असायचा. चहाला बोलवा, जेवायला बोलवा, तो दारातच बूड टेकायचा. उजवा पाय घरात, डावा ओसरीवर. स्वतःच्या घरीही तेच. त्याची बायको भागरताबाई एकदा वैतागून म्हणाली, "आत येऊन बसा नं जी. घर का खाते तुमाले?"

"बसलो तं आहो. आखीन किती बसू?" असं म्हणून तो उठून चालायलाही लागला.

नाव त्याचं डोमाजी. पवारांच्या घरातला, धानाची चांगली जमीन असलेला. पण गावात जंगलाची मोजणी करणारं पथक आलं आणि हा चार दिवस गंमत म्हणून साखळी ओढायला गेला. साखळी ओढणाऱ्याला त्या खात्यात खलाशी म्हणतात. पथक गावाबाहेर पडलं तेव्हा ऐन धानाच्या रोवणीचे दिवस होते. हा रोवणी भावांवर टाकून पथकामागे निघून गेला आणि नवेगावच्या लोकांसाठी जन्मभराचा खलाशी झाला. पवार असून शेती सोडतोस, म्हणून थोरल्या भावाने झापलं, तर म्हणाला, "आपले आजेपंजे माळव्यातून इथवर चालत आले. बसून राहनारे असते, तं आपन अजून माळव्यातच असतो."

साखळीने त्याला मोजायचं वेड लावलं. सुट्टीत गावी आला की तो सगळं गाव पावलांनी मोजायचा. मी तेव्हा नवेगावच्या शाळेत नवा मास्तर होतो. एक दिवस दारात उभा राहून म्हणतो, "गुरुजी, तुमची शाळा सरकली. काल तलावाच्या पाळीपासून तीनशे बारा पावलं होती, आज तीनशे नऊ."

"पाऊल लांब पडलं असेल."

"तसंच असन. घाई होऊन राहिली."

"कशाची घाई?"

"तेच तं समजत नाही," तो म्हणाला. आणि खरंच चेहरा असा केला, की मला हसू आवरावं लागलं.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. आमचा भंडारा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता, आणि समुद्र फक्त माझ्या भूगोलाच्या पुस्तकात. त्या वर्षी खलाशाचं पत्र आलं. पाकिटावर शिक्का अंदमानातला. भागरताबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून ती शाळेत घेऊन आली. मी वाचलं: "मी मोजनीच्या साहेबासंगं बेटावर आहो. बेट बहुत दाट आहे. मानूस नाही. हे झालं का दुसऱ्या बेटावर जानार."

तिचा जीव भांड्यात पडला. आमच्या भागात बेट म्हटलं की बांबूचं. सगळं जंगल बांबूच्या बेटांनी भरलेलं. "बांबूच्या कामावर लागले म्हना," ती म्हणाली. "बरं झालं. बांबू पान्यात नसते."

तिचा धाकटा भाऊ नवेगावच्या तलावात शिंगाडे तोडताना बुडाला होता. तेव्हापासून ती तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चढली नव्हती. म्हशीसुद्धा दुसऱ्याकडून पाण्यावर पाठवायची. बेट म्हणजे चारी बाजूंनी पाण्याने वेढलेली जमीन, हे मी रोज पोरांकडून घोकून घ्यायचो. पण तिच्या तोंडाकडे पाहून मी म्हणालो, "होय जी, बांबूच."

पुढच्या सुट्टीत खलाशी सौंदडला उतरून पायी आला आणि घरी जायच्या आधी शाळेत शिरला. त्याच्या पत्रापायी मला खोटं बोलावं लागलं, म्हणून मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. तर हा पोट धरून हसला. "मी तं बेटच लिवलो होतो, गुरुजी. बांबू तुमी केला."

मग खडू घेऊन त्याने फळ्यावर किनारा काढला. असा किनारा, जिथे गाव नाही, वाट नाही. झाडांची मुळं पाण्याच्या वर, त्यांच्यातून होडी ढकलत न्यायची. खाडीत मगर. पायांना जळवा. कुठल्याही बेटावर उतरलं की आधी गोडं पाणी शोधायचं, नाहीतर परत फिरायचं. काही बेटं एवढीशी, की भरतीला नुसती झाडंच उरतात. "दिसातून दोनदा पानी येते अन् दोनदा जाते," तो म्हणाला. "माह्यासारखंच. टिकत नाही."

त्याचं काम झेंडी धरायचं. बेटाच्या अगदी टोकावर पहिल्यांदा तो उतरायचा आणि झेंडी रोवून उभा राहायचा. दूर होडीतून साहेब दुर्बिणीने पाहून हात वर करत नाही, तोवर हलायचं नाही. "जिथं कोनाचा पाय नाही पडला, तिथं माहा पाय पयला पडते," हे सांगताना त्याचे डोळे असे चमकले, की मी वर्गात बसलोय याची मला लाज वाटली.

माझं खोटं सांभाळायला म्हणून त्याने गोंदियाच्या बाजारातून एक सूप विकत घेतलं आणि 'आमच्या बेटातल्या बांबूचं' म्हणून बायकोला दिलं. भागरताबाईने सूप उलटं-सुलटं करून पाहिलं आणि ठेवून दिलं. तो परत गेल्यावर मात्र सूप घेऊन माझ्याकडे आली.

"ही वीण आपल्याकडच्या बुरडाची हाय, गुरुजी. खरं सांगा. तिथं त्यायनं दुसरं घर केलं का?"

आता माझी पंचाईत झाली. गप्प राहावं, तर नवऱ्यावर नसता आळ. मी सगळं सांगितलं: बेट पाण्यातलं आहे, होडीने जातात, पाण्याला अंत नाही. ती शाळेच्या पायरीवर बसली. सूप मांडीवर ठेवून म्हणाली, "दुसरी बाई असती तं बरं झालं असतं. बाईसंगं भांडली असती. पान्यासंगं कशी भांडू?"

पुढच्या सुट्टीत तो आला तेव्हा तिने भांडण केलं नाही. एवढंच म्हणाली, "आता जाऊ नका." आणि तो राहिला. एक रोवणी झाली, धान कापून घरात आलं, तरी तो गावातच. पावलं मोजणं बंद झालं. कुणाकडे गेला की आत जाऊन, दोन्ही पाय जवळ घेऊन, भिंतीला टेकून बसू लागला. लोक म्हणाले, खलाशी सुधारला. मला मात्र त्याच्याकडे बघवेना. पिंजऱ्यातली पाखरं बरी, ती निदान फडफडतात.

एका सकाळी त्याने तलावात मासे धरणाऱ्या ढिवराचा डोंगा मागून घेतला आणि तलावाच्या मधोमध असलेल्या माळडोंगरीवर गेला. आमच्या तलावातलं ते बेट. तिथे आम्ही सगळेच कधी ना कधी जाऊन आलेलो. त्याच्या टोकावर काठीला लाल फडकं बांधून तो उभा राहिला. हलेचना. पाळीवर गर्दी जमली, पोरं हसायला लागली. ऊन चढलं. कुणीतरी घरी सांगितलं असावं, कारण भागरताबाई आली आणि पाळीवर चढली. आम्ही बाजूला सरून तिला वाट दिली.

ती पाण्याकडे बघत होती की त्याच्याकडे, कोण जाणे. मी तिच्याजवळ जाऊन हळूच म्हणालो, "साहेबाने हात वर केल्याशिवाय तो हलत नसतो, बाई."

तिने हात वर केला. तिकडे झेंडी खाली आली.

डोंगा काठाला लागला तेव्हा ती त्याला म्हणाली, "जा. पर तिथं झेंडी घेऊन उभे राहाल, तवा समजजा, मी पाहून राहिली."

सौंदडला सोडायला मी गेलो होतो. गाडी यायच्या आधी त्याने सगळा फलाट दोनदा मोजला आणि दोन्ही वेळा वेगळा भरला, म्हणून स्टेशनमास्तरकडे तक्रार करायला निघाला होता. मी त्याला ओढून डब्यात बसवलं. डब्याच्या दारातच बसला, डावा पाय खाली सोडून.

त्यानंतर त्याची तीन पत्रं आली. चौथं इंग्रजीत, कचेरीचं. मी ते हातात घेऊन उभा होतो, तर भागरताबाई म्हणाली, "गुरुजी, आता बांबू नका करू. जे हाय ते वाचा."

मी वाचलं. खाडीच्या तोंडाशी होडी उलटली होती. दोन खलाशी सापडले नव्हते. त्यातला एक डोमाजी.

"बेटावर जातानी, का येतानी?" तिने विचारलं.

पत्रात ते नव्हतं. मी तसं सांगितलं.

"येतानीच असन," ती म्हणाली. "पोचला असन तो." आणि पदर तोंडावर घेऊन रडली. मीही रडलो. मास्तर म्हणून आवरायचं असतं, ते जमलं नाही.

दोन वर्षांनी माझी बदली झाली. निरोप घ्यायला तिच्याकडे गेलो. तिने चहा केला. बैलगाडी तयार होती, निघायची घाई होती, म्हणून मी दारातच टेकलो. ती कप माझ्या हातात देईना. तशीच उभी राहून माझ्या पायांकडे बघत होती.

"दोनी पाय आत घ्या, गुरुजी," ती म्हणाली. "मंगच देतो चहा."