हानुसचं बोट

हानुसच्या उजव्या हाताचं बोट वाकडं आहे. मासे कापताना नव्हे हो! फॅरो बेटांवरच्या आमच्या गावात मासळीचा एकच कारखाना, तिथे आम्ही दोघं जन्मभर शेजारी उभे राहिलो. चाकू त्याला कधी लागला नाही. ते बोट मोडलं फुटबॉलच्या बुटांनी.

आमचं मैदान समुद्राला चिकटून. वारा असा, की पेनल्टीला ठेवलेला चेंडू जागेवर राहतच नाही. मग एकजण पालथा पडून बोटाने चेंडू धरतो आणि मारणाऱ्याचा पाय आला की बोट काढतो. गावच्या संघात हे काम हानुसचं. पठ्ठ्याने उभ्या जन्मात एक गोल केला नाही, पण पेनल्टी मिळाली की सगळं मैदान ओरडायचं, "हानुस, आडवा हो!" आणि स्वारी ऐटीत आडवी व्हायची. लग्नाच्या वेळी सासऱ्याने विचारलं, "मुलगा करतो काय?" तर म्हणे, "चेंडू धरतो." आणि दिली की त्याने मुलगी!

नातू रोकुर चालायला लागला तसं हानुसने त्याला हेच शिकवलं. "चेंडूकडे नाही रे, बुटाकडे बघ. घाबरून हात काढलास तर बघ हं!" पोरगं पुढे देशाच्या एकोणीस वर्षांखालच्या संघात गेलं. हानुसला स्वर्ग दोन बोटं उरला.

युरोपातल्या पोरांच्या मोठ्या स्पर्धेत आम्ही कधीच पोचलो नव्हतो. त्या वर्षी स्लोवाकियाला त्यांच्याच मैदानावर हरवलं की पोचणार होतो. सगळा गाव क्लबात टीव्हीपुढे. हानुस चर्चला घालतो तो स्वेटर घालून पुढच्या खुर्चीवर. बरोबरी चाललेली, सामना संपत आलेला, आणि पेनल्टी आम्हाला! मारणारा आमच्याच गावचा, त्रोंदुर. शिट्टी झाली, त्याने मारला, गोल! अहो, काय सांगू! मी हानुसला मिठी मारली, कॉफी सांडली, कोणीतरी रडायलाच लागलं.

तेवढ्यात पंचाची पुन्हा शिट्टी. गोल नाही म्हणे!

"का नाही? आंधळा आहे का मेला?" मी किंचाळले. सगळेच किंचाळत होतो. मग टीव्हीवर तेच पुन्हा हळूहळू दाखवलं. कोपऱ्यावरचा झेंडा काठीला चिकटून लोंबत होता. गवताचं पातं हलत नव्हतं. आणि शिट्टीनंतर पळत आत येऊन, चेंडूला बोट लावून, आमचा रोकुर पालथा पडला होता. वारा नसेल तर मारणाऱ्याशिवाय कोणी चेंडूजवळ जायचं नाही, हा नियम. आणि तिथे वारा नव्हता हो! मग चेंडू कशाला धरत होता तो?

त्याहून भयंकर सांगू? त्रोंदुरला त्यात काही वावगं दिसलं नाही. क्लबात आम्हा कोणालाच दिसलं नाही. आमच्या डोळ्यांना पेनल्टी अशीच दिसते.

पेनल्टी पुन्हा मारायला लावली. गोलरक्षकाने अडवली. सामना तसाच संपला, आमची संधी गेली. त्या मैदानावरचे लोक पोट धरून हसत होते. हानुस नुसता आपल्या बोटाकडे बघत बसला.

रोकुर परत आला तो मान खाली घालूनच. मोबाईलवर साऱ्या युरोपाने त्याला आडवा पडलेला बघितलं होतं. "मी पुन्हा आडवा होणार नाही," एवढंच म्हणाला. आजोबांच्या घरी जाणंही बंद केलं. हानुस कारखान्याबाहेर मला म्हणाला, "सुन्नवा, मीच पोराचा घात केला गं."

मग गावातला सामना आला. वारा नुसता पिसाळलेला. पेनल्टी मिळाली. त्रोंदुरने चेंडू ठेवला, चेंडू गडगडत गेला. पुन्हा ठेवला, पुन्हा गेला. रोकुर चौकटीबाहेर उभा, हात काखेत घालून. 'आडवा हो' म्हणायची कोणाची छाती होईना.

आणि हानुस उठला! सत्तरी उलटलेला माणूस, गुडघे कामातून गेलेले, तरातरा मैदानात शिरला आणि चर्चच्या स्वेटरसकट चिखलात आडवा झाला. रोकुर धावत आला. "आजोबा, उठा! लोक हसतील!"

"हसू देत. वारा आहे का नाही, सांग!"

"आहे."

"मग धर!"

पोरगं आजोबांशेजारी गुडघ्यांवर बसलं. मग खाली पडलं आणि बोट चेंडूला लावलं. त्रोंदुरने मारला, तो बारवरून थेट समुद्रात. कोणी हळहळलं नाही. हानुसला उठवायला आम्ही तिघी लागलो, आणि उठता उठता तो नातवावर ओरडत होता, "बोट लवकर काढलंस, गाढवा!"