दाराशी काढलेले बूट

शेजारचा टॉम नुकताच इंग्लंडहून इथे कॅनडात राहायला आलाय. परवा समोरच्या लिंडाकडे जेवायला गेलो, तर हा बुटांसकट थेट गालिच्यावर! आम्ही सगळे नुसत्या मोज्यांवर आहोत हे दिसताच बिचारा लालबुंद झाला. "आमच्याकडे पाहुण्याला बूट काढायला लावत नाहीत हो," मला हळूच म्हणाला.

मला साताऱ्याचं आमचं दार आठवलं. आई बाजारातून यायची, दारातल्या चपला बघायची आणि कोण आलंय हे न विचारताच चहाचं आधण ठेवायची. इथे माझ्या दारात कित्येक वर्षं माझेच तेवढे जोडे असतात.

काल टॉम आला. न सांगता त्याने बूट काढले, माझ्या चपलांशेजारी नीट लावले. मीही न विचारता आधणात कपभर पाणी वाढवलं.