वीतभर तोकडी दारं

बसस्थानकामागच्या सार्वजनिक संडासांवर मावशी वीस वर्षं बसते. प्लास्टिकची खुर्ची, फिनेलचा डबा, आणि तोंडात कुणासाठी तरी राखून ठेवलेली एक शिवी. आत जाऊन सुई टोचून घेणारे तिला पावलांवरून ओळखू येतात. पूर्वी त्यातला एखादा लुढकला की सोबतचे चपला टाकून पळायचे. मदत बोलावणाराच आधी तुरुंगात जायचा, मग कोण कशाला बोलावतोय? कडी तोडून मढं बाहेर काढायचं काम मावशीच्याच वाट्याला.

मग कायदा बदलला. मदतीला फोन करणाऱ्याला धरायचं नाही, आणि श्वास परत आणणारा नाकातला फवारा मावशीसारख्यांच्याही हाती द्यायचा. दवाखान्यातली नर्स तो कसा मारायचा ते शिकवायला आली, तेव्हा मावशी म्हणाली, "झाडू दिला तेव्हा नाही कुणी शिकवायला आलं."

पण शिकली. शिवाय सुताराला गाठून सगळी दारं खालून वीतभर कापून घेतली. खाली पाय दिसले पाहिजेत. बोटं छताकडे झाली की माणूस आडवा. त्या वर्षी तिच्याकडे एकही मेला नाही. शुद्धीवर आलेला एकजण नशा उतरवली म्हणून तिच्यावरच खेकसला. तिनं त्याचं तोंड पुसलं आणि राखून ठेवलेली शिवी त्याला देऊन टाकली.

एका दुपारी चार नंबरच्या दाराखाली तिला ओळखीचे बूट दिसले. डाव्याला तिनंच टाका घातला होता. धाकटा भाऊ. नर्स तेव्हा बाहेर फवारे मोजून देत उभी होती. मावशीनं त्याला दंडाला धरून मागच्या बाजूला नेलं आणि दातओठ खात सांगितलं, की इथं मला चार माणसं मानतात, पुन्हा पाऊल टाकलंस तर तंगडं मोडीन.

तो खाली बघत म्हणाला, "ताई, तुझी दारं कापलेली आहेत म्हणून आलो."

"ती लोकांसाठी कापलीत."

तो गेला. पंधरवड्यानं पलीकडच्या गल्लीतल्या लॉजच्या न्हाणीघरात सापडला. तिथलं दार थेट फरशीला टेकलेलं. कायदा तिथंही तोच होता. पण आत माणूस पडलाय हे कुणाला कळलंच नाही. मॅनेजरला वाटलं, अंघोळ चाललीय.

तिसऱ्या दिवशी मावशी कामावर निघाली, चपलेत पाय घातला, तेव्हा आतून आईनं विचारलं, "एवढ्यांना उठवतेस गं तू. तुझ्याकडे का नाही आला तो?"

मावशी दाराशी थांबली. चपलेचा पट्टा नीट केला. नीटच होता तो.

"लाजला असेल," ती म्हणाली.

आईला ते पटलं.