मनात राखून केलेला तह

तासगावच्या महाविद्यालयात मी राज्यशास्त्र शिकवतो. राष्ट्राराष्ट्रांतील कायदा आणि चिरस्थायी शांतता हा माझा विषय; निदान मी तसे समजत आलो. काही वर्षांपूर्वी विभागात एक नवा सहकारी आला. कवठे महांकाळकडचा, सैन्यातून निवृत्त होऊन मग पदव्या मिळवलेला.

एकदा त्याच्या वर्गावरून जाताना मी थबकलो. ज्या प्रश्नापाशी माझे विद्यार्थी जांभया देत, तोच त्याने काढला होता. राष्ट्रांच्या डोक्यावर ना राजा, ना पोलीस. मग त्यांनी कायदा पाळावा का?

"आमची विहीर सामाईक हाय," तो सांगत होता. "चुलत्याशी आमचं बोलणं न्हाई. पण त्याच्या पाण्याच्या पाळीत माझी मोटर कवा चालली न्हाई. कुणाच्या भ्यानं?"

"तुमी मोडली तर त्योबी मोडंल की," मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले.

"ते हायच. पण त्यो परगावी असतो, तवा बघणारं कोण असतंय? तरीबी हात जात न्हाई. का?"

वर्ग गप्प झाला. विचारात पडलेल्या वर्गाची ती शांतता मी ओळखतो. माझ्या वाट्याला ती क्वचितच आली. जिन्यात एक मुलगी मैत्रिणीला म्हणाली, "मोठं सर वाचून दावत्यात, ह्ये सर सांगत्यात." मोठे सर म्हणजे मी.

त्याच वर्षी सांगलीहून निघणाऱ्या एका ग्रंथासाठी या विषयावर लेख मागवले गेले. त्याने आपला लेख माझ्या हाती दिला. "आवं सर, भाषा तेवढी बघा. लय रांगडी हाय माझी."

तो मी एका बैठकीत वाचला. इतक्या वर्षांत मला जे मांडता आले नव्हते, ते त्यात बारा पानांत होते. मी तो खणात, उत्तरपत्रिकांखाली ठेवला. विसरलो नाही, रोज खण उघडत होतो. मुदत संपली. माझा लेख तेवढा गेला.

"दुरुस्त्या राहिल्या, मुदत हुकली," मी त्याला म्हणालो.

"असू द्या. तुमचा गेला न्हवं? विभागाचंच नाव."

दुसऱ्या दिवशी वर्गात मी नेहमीचा भाग शिकवत होतो. पुढच्या लढाईचे कारण मनात राखून केलेला तह हा तह नव्हे, ती केवळ उसंत. दरवर्षी मी हे सांगतो. त्या दिवशी पुढचे वाक्य सुचेना. तास अर्ध्यावर सोडून मी त्याच्याकडे गेलो आणि सांगितले, "लेख मी मुद्दाम अडवला. मत्सरापोटी."

त्याने हजेरीपत्रक मिटले. मग हळू म्हणाला, "वाईट हाय म्हणला असता, तर मी परत लिवला असता, सर."

त्याच दुपारी मी त्याचा लेख संपादकांना पाठवला आणि कळवले : विलंबाचा दोष माझा आहे, जागा एकाच लेखाला असेल तर माझा वगळावा. दोन्ही घेतील अशी मनातून आशा होती, हेही कबूल केले पाहिजे. त्यांनी माझा वगळला.

ग्रंथ आला, तेव्हा त्याने एक प्रत माझ्या टेबलावर ठेवली. मी त्याचा लेख पुन्हा वाचला. चौथ्या पानावर एक संदर्भ चुकलेला आढळला, आणि मला बरे वाटले. त्या बरे वाटण्याची लाज अजून गेलेली नाही. पण ते वाटले होते.